आमची वाटचाल : दुसरा लॉट पहिल्यासारखा यावा म्हणून

आमचा मूळ धंदा साधा. रबर आणि सिरॅमिकवाल्यांना जस्ताच्या आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडची बारीक भुकटी पुरवायची. माल पोत्यांनी जायचा. मग कर्करोगावर काम करणाऱ्या एका संशोधक गटाने विचारलं, वनस्पतीच्या अर्कातून केलेले झिंक ऑक्साइडचे नॅनोकण द्याल का? नॅनोकण म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान कण. हवे होते काही ग्रॅम. भागीदाराने हसण्यावारी नेलं, मी हो म्हटलं.

कृती वाचायला सोपी आहे. पानं धुऊन सावलीत वाळवायची, दळायची, ऊर्ध्वपातित पाण्यात तापवून अर्क गाळून घ्यायचा. त्यात झिंक नायट्रेटचं किंवा अ‍ॅसिटेटचं द्रावण, आणि ढवळत ढवळत थेंबथेंब सोडियम हायड्रॉक्साइड. सामू चढला की साका धरतो. तो सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळा काढायचा, धुवायचा, वाळवायचा आणि भट्टीत भाजायचा. भट्टीतून बाहेर येताना भुकटी पिवळी असते आणि निवता निवता पांढरी होते. नवा माणूस हे बघून दचकतो, पण तापलेल्या झिंक ऑक्साइडचा तो स्वभावच आहे. निवल्यावरही करडी झाक राहिली, तर मात्र अर्कातला कार्बन पुरता जळला नसल्याची शंका घ्यायची.

पहिला लॉट पसंत पडला. दुसऱ्याला गाडी अडली. वनस्पती तीच, कृती तीच, पण ग्राहक म्हणाला, मागच्या मालाने कर्करोगाच्या पेशी मरत होत्या, या मालाने तेवढ्या मरत नाहीत. कणांच्या घडणीत भाग घेणारी पानांतली संयुगं, म्हणजे पॉलिफेनॉल आणि फ्लॅव्होनॉइड, ऋतूप्रमाणे, पानाच्या वयाप्रमाणे, वाळवण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतात. "दहा ग्रॅम पानं घ्या" या सूचनेला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. आता आम्ही हंगामाचा पाला एकदम घेऊन एकत्र मिसळतो, अर्कातलं एकूण फेनॉल फोलिन-सिओकाल्तू अभिकर्मकाने (या संयुगांशी निळा रंग देणाऱ्या रसायनाने) मोजतो आणि त्या आकड्यावर अर्क बेतून घेतो. पाल्याच्या वजनावर काही ठरवत नाही. आमचा खरा धंदा इथून सुरू झाला असं मी मानतो. "हिरवा", म्हणजे वनस्पतीच्या अर्कातून केलेला, माल कोणीही देईल, सारखा माल देणारे थोडे.

या क्षेत्रात एक गोष्ट सर्रास लिहिली जाते, ती मला कधी पटली नाही. अर्क धातूचं क्षपण करतो, म्हणजे त्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतो, आणि त्यातली संयुगं कणांवर आवरण म्हणून बसतात, असं म्हणतात. चांदी-सोन्याच्या कणांबाबत क्षपण ठीक. झिंक नायट्रेटमध्ये जस्त आधीच +2 अवस्थेत असतं, ऑक्साइडमध्येही तेच. मग क्षपण कशाचं? इथे अर्क जस्ताच्या आयनांना धरून ठेवतो आणि कणांची वाढ आवरतो. आणि आवरणाचं म्हणाल, तर 400-500 अंश सेल्सिअसला भाजल्यावर सेंद्रिय पदार्थ बहुतेक जळून जातो. त्यामुळे आम्ही मालाचे दोन प्रकार (प्रती) ठेवले, भाजलेली प्रत आणि न भाजलेली. न भाजलेल्या प्रतीत झिंक हायड्रॉक्साइड उरण्याची शक्यता असते, म्हणून तिचा क्ष-किरण विवर्तनाचा आलेख, म्हणजे स्फटिकरचनेवरून पदार्थ ओळखणारा आलेख, सोबत देतो. त्यात 31.8, 34.4 आणि 36.3 अंशांच्या कोनांआसपासची, झिंक ऑक्साइडची ओळख असलेली तीन शिखरं नसली, तर तो लॉट बाहेर जात नाही.

मोठा घोळ पेशींच्या चाचणीत असतो. 1983 पासून वापरात असलेल्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रसायनाचं जांभळं फॉर्माझान करतात; रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. पण पॉलिफेनॉल हेच काम पेशींशिवायही करू शकतात. मग मेलेल्या पेशी जिवंत भासतात. शिवाय झिंक ऑक्साइड पेशीच्या आम्लधर्मी लायसोसोममध्ये (टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्यांत) विरघळतं, तेव्हा मारक ठरतो तो कण की सुटलेलं जस्त, हाही प्रश्न उरतोच. म्हणून आमच्या प्रत्येक बाटलीसोबत त्याच लॉटचा नुसता वाळवलेला अर्क आणि जस्ताचा साधा क्षार जातो, तुलनेसाठी. पेशींविना चाचणी लावण्याची सूचनाही असते. काही ग्राहकांना ही कटकट वाटते. वाटू दे.

रुग्णांच्या घरच्यांचेही फोन येतात. त्यांना आम्ही माल देत नाही, कोणत्याही किमतीला नाही. बशीतल्या पेशी मरणं आणि माणसाचा आजार हटणं यांत फार अंतर आहे. शिरेतून दिलेले नॅनोकण बरेचसे यकृत आणि प्लीहाच अडवतात. 2016 च्या एका आढाव्यात, गाठीपर्यंत पोचणाऱ्या मात्रेचा मध्यक 0.7 टक्के निघाला होता. धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण कर्करोगाच्या उपचारात आले आहेत, हे खरं. युरोपात मेंदूच्या गाठीसाठी चुंबकीय क्षेत्राने तापणाऱ्या आयर्न ऑक्साइडला 2010 मध्ये आणि मऊ ऊतींच्या सार्कोमासाठी किरणोपचाराचा परिणाम वाढवणाऱ्या हाफ्नियम ऑक्साइडला 2019 मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही थेट गाठीत टोचायचे. वनस्पतीच्या अर्कातून केलेला यांतला एकही नाही. एका वितरकाला लेबलवर "कर्करोगरोधक" छापून हवं होतं. आम्ही "केवळ संशोधनासाठी" वर अडून बसलो, तो गेला.

सध्या आमची खटपट एंडोटॉक्सिनची आहे. पानांवर जिवाणू असणारच, आणि त्यांच्या भिंतीतला हा विषारी अंश ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राने) नीट जात नाही. कोरड्या उष्णतेत 250 अंशांना अर्धा तास ठेवलं तर जातो. भाजलेली प्रत त्या कसोटीतून आपोआप पार पडते, फक्त नंतर हाताळताना पुन्हा दूषित होऊ द्यायची नाही. न भाजलेलीला मात्र एवढी उष्णता दिली, तर तिच्यावरचं आवरणच बिघडेल. तिचा अर्क आधीच गाळून शुद्ध करता येतो का, ते बघतो आहोत. तोवर ती प्रत पेशींवरच्या कामापुरतीच देतो, प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नाही.