ग्रेगरचा मुलगा

स्कॉटिश आडनावांतले ‘मॅक’ म्हणजे गेलिक भाषेतला ‘मुलगा’, हे पुष्कळांना ठाऊक असते, आणि नाव व आडनाव यांच्यामध्ये वडिलांचे नाव लिहिणाऱ्या आपल्या लोकांना ते समजायला जडही जात नाही. फरक एवढाच की आपले मधले नाव दर पिढीला बदलते, तर ‘मॅक’पुढचा बाप केव्हाच एका जागी थिजून गेला आहे. आजच्या एखाद्या मॅकग्रेगरचे वडील डेव्हिड असतील, आजोबा टॉमस असतील. ग्रेगर भेटायला मात्र थेट मध्ययुगात जावे लागते.

हायलँड्सच्या डोंगराळ मुलखात पूर्वी माणूस आपली ओळख ‘कॅलम मॅक इयन इक आलन’ अशी सांगे, म्हणजे आलनचा नातू आणि इयनचा मुलगा कॅलम. पश्चिमेकडच्या बेटांवर, जिथे निम्म्या गावाचे आडनाव एकच असते, तिथे ही रीत अजून बोलण्यात टिकून आहे, कारण नुसत्या आडनावाने तिथे कोणाचाच पत्ता लागत नाही. कागदोपत्री मात्र कुळाच्या मूळपुरुषाचे नाव तेवढे उरले आणि त्याचे आडनाव झाले.

मॅकग्रेगर हे आडनाव मला इतर सगळ्या मॅकांपेक्षा अधिक खिळवून ठेवते, कारण ते लावणे हा एके काळी गुन्हा होता. फेब्रुवारी 1603 मध्ये लोमंड सरोवराजवळच्या ग्लेन फ्रूइन या खोऱ्यात मॅकग्रेगरांनी कोहून घराण्याच्या माणसांची मोठी कत्तल केली. इंग्लंडचे सिंहासन नुकतेच पदरात पडलेला स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स लंडनला निघण्याच्या तयारीत होता, आणि निघण्यापूर्वीच्या घाईत, 3 एप्रिलला, त्याच्या दरबाराने हे नावच रद्द करून टाकले. मॅकग्रेगर म्हणवून घेणाऱ्याला मृत्युदंड होता. कुळाचा प्रमुख आलस्टर याला पुढच्या वर्षी एडिंबरोत फासावर चढवण्यात आले. बाकीच्यांनी कॅम्पबेल, ड्रमंड, ग्रॅहम, मरे अशी मिळतील ती नावे पांघरली. त्यांतल्या कॅम्पबेलांशी तर त्यांचे जमिनीवरून पिढीजात वैर होते. बंदी 1661 मध्ये उठली, 1693 मध्ये पुन्हा आली आणि 1774 मध्ये कायमची गेली. लोककथांचा नायक झालेला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय या दुसऱ्या बंदीच्या काळातला. जन्माने मॅकग्रेगर असूनही तो आईच्या माहेरचे कॅम्पबेल हे नाव लावीत असे. माणसाला शिक्षा करता येते हे कळते, पण बापाच्या नावाला शिक्षा करण्याची ही कल्पना कोणाला सुचली असेल, याचे मला कुतूहल वाटते.

सगळेच मॅक असे रक्तरंजित नाहीत. मॅकिंटायर हा सुताराचा मुलगा आणि मॅकटॅगर्ट हा धर्मगुरूचा. मॅकनॅब तर मठाधिपतीचा, तेव्हा ब्रह्मचर्याची चौकशी न केलेली बरी. दक्षिणेच्या सखल भागात हेच काम शेवटी लागणारा ‘सन’ करतो. मुंबईत गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते जॉन विल्सन तिकडच्या लॉडर गावचे. विल्सन म्हणजे विल्यमचा मुलगा. त्यांच्या वडिलांचे नाव मात्र अँड्र्यू होते. आपल्या पद्धतीने ते जॉन अँड्र्यू विल्सन झाले असते आणि एका नावात दोन बाप नांदले असते.

‘मॅक’ इंग्रजीत लांब (Mac) लिहिला तर स्कॉटिश आणि आखूड (Mc) लिहिला तर आयरिश, हा समज सर्वत्र आहे आणि तो निराधार आहे. आखूड रूप हा निव्वळ लिहिणाऱ्यांनी केलेला संक्षेप होय.

मुलींचे काय, हा प्रश्न गेलिकने आपल्यापुरता सोडवला आहे. तिथे बाई ‘मॅक’ लावीत नाही, ‘निक’ लावते, आणि त्याचा अर्थ ‘मॅकची लेक’. लग्नानंतरही तिचे हे नाव बदलत नसे, हे आपल्याकडे मधले नाव बदलून घेणाऱ्या बायकांना ऐकून बरे वाटेल. पण इंग्रजी कागदपत्रांत ‘निक’ला जागा नाही. त्यामुळे गेलिक बोलणाऱ्यांत निकग्रेगर असलेली बाई बँकेत मॅकग्रेगर अशी सही करते, म्हणजे ग्रेगरचा मुलगा अशी, आणि त्यात ना तिला काही वावगे वाटत, ना बँकेला.