आज रात्री घरी
"सरकारी वकील निवडणुकीला उभा राहतो? मग प्रचारात सांगतो काय?" बाबांनी फोनवर विचारलं होतं. सांगलीच्या कोर्टात त्यांची हयात गेली. मी टेक्सासमध्ये पब्लिक डिफेंडर, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याची वकील. म्हटलं, किती जणांना शिक्षा लावली ते सांगतो.

त्या ऑक्टोबरात काउंटीभर, म्हणजे जिल्हाभर, प्रचाराच्या पाट्या लागल्या होत्या. आमच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नीची, म्हणजे इथल्या मुख्य सरकारी वकिलाची, चार वर्षांची मुदत संपत आली होती आणि समोरचा उमेदवार तगडा होता.

माझा अशील बावीस वर्षांचा, गॅरेजमध्ये हाताखाली काम करणारा. आरोप घरफोडीचा, त्याला इथे २ ते २० वर्षं. पुरावा काय, तर समोरच्या घरातल्या बाईंनी रात्री रस्त्यापलीकडून पाहिलेला चेहरा. ठसे नाहीत, माल सापडलेला नाही. जामीन १५,००० डॉलरचा. जामिनाचा धंदा करणारे त्याचे दहा टक्के घेतात, ते परत मिळत नाहीत. आईकडे तेवढे दीड हजारही नव्हते. म्हणून पोरगा चार महिने आत.

सरकारची पहिली ऑफर होती, गुन्हा कबूल कर आणि आठ वर्षं घे. आम्ही नाही म्हटलं.

ट्रायलच्या दिवशी सकाळी साडेआठला, ज्युरीसाठी बोलावलेली साठेक माणसं बाहेर कॉफीचे कप घेऊन उभी असताना, डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या असिस्टंटने मला बाजूला घेतलं. हा निवडून आलेला नाही, नेमलेला. त्याची नोकरी साहेबांच्या हातात. "घरफोडी सोडतो. ट्रेसपास, मिस्डिमीनर." म्हणजे परवानगीविना आत शिरण्याचा किरकोळ गुन्हा. "आत काढले तेवढे दिवस धरू. आज रात्री घरी."

केस लंगडी आहे हे त्यालाही कळत होतं. पण ज्युरी 'नॉट गिल्टी' म्हणाली, तर ते विरोधकाच्या पत्रकात छापून येणार. कबुली मात्र कितीही किरकोळ गुन्ह्याची असो, मोजताना ती शिक्षाच. साहेब त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर खुनाची केस स्वतः चालवत होते. तिथे पुरावा पक्का होता आणि दाराशी कॅमेरे. राज्यांच्या कोर्टांतल्या शंभरातल्या ९४ शिक्षा कबुलीतून होतात, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच २०१२ मध्ये लिहून ठेवलंय. नकार देणाऱ्यावर जास्त कडक कलम लावायची धमकीही चालते. केंटकीत ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकसाठी पाच वर्षं नाकारणाऱ्याला जन्मठेप झाली, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केली. पोराला हे सगळं सांगायची वेळच आली नाही.

"मी नव्हतो तिथे, मिस," तो म्हणाला. त्याच्या अंगावर आईने ट्रायलसाठी आणलेला पांढरा शर्ट होता, किमतीची चिठ्ठी कॉलरच्या आत खोचलेली.

"दहातल्या सात वेळा आपण जिंकू असं मला वाटतं."

"आणि उरलेल्या तीन?"

"दोन ते वीस वर्षं."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आज रात्री नक्की सोडतील?"

बाबांना इथे माझा राग आला. "ढकलायचं ना त्याला ट्रायलला!" सात-तीनचा जुगार मी दुसऱ्याच्या वीस वर्षांवर कसा खेळू? आणि साक्षीदार बाई सज्जन दिसणार होत्या, हेही मला माहीत होतं.

जज्जने नेहमीचा प्रश्न विचारला. "तू गुन्हा केला आहेस म्हणूनच कबूल करतोयस ना, दुसऱ्या कशासाठी नाही?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे.

"येस, सर."

मग शाईचं पॅड पुढे आलं. इथे निकालपत्रावर आरोपीचा अंगठा घेतात, माणूस कितीही शिकलेला असो. अशिलाचा अंगठा घेण्याआधी बाबा त्याला अख्खा कागद मोठ्याने वाचून दाखवायचे. मीही दाखवला होता.

त्याने शाई पँटला पुसली. शर्ट दुकानात परत करायचा होता.