मेळघाटच्या व्याघ्रगणनेत स्वयंसेवक म्हणून

आधीच सांगून टाकते, वाघ दिसला नाही. वाघ बघायचाच असेल तर सरळ सफारीची जिप्सी बुक करा, तिथे निदान बसायला तरी मिळतं.

देशभरात दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते. 2018 च्या फेरीसाठी मी मेळघाटचा अर्ज भरला. सोबत डॉक्टरांचा फिटनेस दाखला आणि ‘काही बरंवाईट झाल्यास जबाबदारी माझी’ असं हमीपत्र. आईने ते वाचलं नाही हे बरं झालं. जानेवारीची थंडी, त्यामुळे पाठीवर स्लीपिंग बॅग. कपडे मातकट रंगाचे, अत्तर-बित्तर घरीच. परतवाडा सोडून घाट लागला की फोनची रेंज जाते.

नुसते ठसे बघून वाघ मोजायची पद्धत आता राहिलेली नाही. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यातले वाघ संपल्याचं 2005 मध्ये उघड झालं, त्यानंतर ती मोडीतच निघाली. आता प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, आधी तीन दिवस मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधायच्या आणि पुढचे तीन दिवस आखलेल्या रेघेवर, म्हणजे ट्रान्झेक्टवर, तृणभक्षी मोजायचे. नोंदी एम-स्ट्राइप्स ॲपमध्ये. प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेरा ट्रॅपचं काम वेगळं.

मुक्काम संरक्षण कुटीत, जेवण चुलीवरचं. त्यात तक्रारीला जागाच नाही.

खुणांच्या दिवसांत निम्मा वेळ विष्ठेवर ओणवं होण्यात जातो. आमच्या बीटचे गार्ड काडीने ती उकलून दाखवायचे. अस्वलाची असेल तर बोराच्या बियाच बिया. केस आणि हाडाचा चुरा दिसला की मग वाघ की बिबट्या, यावर गार्ड आणि सोबतचे कोरकू वनमजूर यांची हुज्जत सुरू. वनमजूर फारसं बोलायचे नाहीत, पण शेवटी त्यांचंच खरं ठरायचं. रोही, म्हणजे नीलगाय, एकाच जागी लेंड्या टाकते, हेही त्यांनीच ढीग दाखवून शिकवलं.

एकदा नाल्यानाल्याने पाच किलोमीटर तुडवले आणि काहीच मिळालं नाही. मी फोन खिशात टाकायला लागले तसे गार्ड म्हणाले, “मॅडम, काही नाही दिसलं तेबी लिहा लागते.” वाघ कुठे नाही हे नोंदवल्याशिवाय तो कुठे आहे याचं गणित जुळत नाही. आपल्या मनाने एखादा ओरखडा ‘वाघाचाच असेल’ म्हणून टाकला, तर ती मदत नव्हे, घाण.

ट्रान्झेक्ट म्हणजे दोनेक किलोमीटरची आखलेली सरळ रेघ. सूर्य उगवता उगवता निघायचं, बोलायचं नाही. जानेवारीत सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, आणि चितळांचे कान तिखट. कळप दिसला की डोकी मोजा, कंपासवर कोन घ्या, रेंजफाइंडरने अंतर घ्या. कळप पळाला तरी मोजमाप तो पहिल्यांदा दिसला त्याच जागेचं. शिवाय दर 400 मीटरला थांबून 15 मीटर त्रिज्येतली झाडं लिहायची आणि 2 बाय 20 मीटरच्या पट्ट्यातल्या लेंड्या मोजायच्या. याचा कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू?

निकाल 29 जुलै 2019 ला लागला. देशात 2,967 वाघ, महाराष्ट्रात 312. कुणी विचारलं की मी आकडा सांगते, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, “पण तुला दिसला का?”

अर्ज करणार असाल तर नवे कोरे बूट घालून जाऊ नका, आणि गार्डच्या पुढे चालू नका.