रुळाचे खांब, जिनिंगच्या कैच्या

आम्ही लोखंडी शेडं बांधणारे; शेडचा भाव आमच्याकडे किलोवर ठरतो. त्यामुळे आबांनी फोनवर विचारलं, "मिस्त्री, सत्तर फुटी शेड किती किलोत बसंल?" तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. नवल वस्तीवर गेल्यावर वाटलं. बार्शी-कुर्डुवाडी रस्त्यापासून आत त्यांचं रान. चिंचेखाली रुळांचा ढीग, पलीकडे एका पाडलेल्या जिनिंग फॅक्टरीच्या आठ कैच्या, म्हणजे छपराच्या तिकोनी लोखंडी चौकटी, एकावर एक रचलेल्या, पत्र्याखाली आडव्या लागणाऱ्या अँगलच्या पर्लिनी, आणि बांधाला टेकवून उभे केलेले जुन्या गोदामाचे पत्रे. लिलाव आणि भंगारवाले पालथे घालून आबांनी हे सगळं जमवलं होतं. पंढरपुरी म्हशींचा मुक्त संचार गोठा करायचा आणि एका अंगाला कडबा रचायचा, असा बेत.

आधी पावती मागितली. रुळाचं काम असलं की मी कुणाचंही तोंड बघत नाही. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि चौकशीला माणसं आली की 'भंगारवाल्यानं दिलं' एवढ्यावर भागत नाही. आबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. लिलावापासून भंगारवाल्यापर्यंत आणि तिथून आबांपर्यंत सगळी साखळी नीट होती.

रूळ आमच्या बार्शी लाइनचे. अडीच फुटी गेजची ती छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शीला आली, नंतर पंढरपूर, लातूर आणि शेवटी मिरजेपर्यंत गेली. २००० नंतर टप्प्याटप्प्याने ती मोठ्या लाइनची झाली आणि जुने रूळ निघाले. मोठ्या लाइनला आज मीटरला ५२ नाहीतर ६० किलोचा रूळ असतो. हा त्याच्या निम्म्याहून हलका. वीस फुटांचा तुकडा चार-पाच माणसं खांद्यावर नेऊ शकतात. गोठ्याच्या खांबाला एवढाच हवा.

नव्या मालाचं शेड असलं की मी कागदावर आखतो आणि मग माल मागवतो. इथे सगळं उलटं. आबांना रुंदी चाळीस फूट हवी होती, पण कैची मोजली तर एकोणचाळीस फूट चार इंच भरली. रुंदी ठरली. पर्लिनी बारा फुटांच्या, म्हणजे दोन कैच्यांतलं अंतर ठरलं. आठांपैकी सात कैच्या चांगल्या निघाल्या, म्हणजे सहा गाळे, बहात्तर फूट. लांबीही ठरली. धाकटा, म्हणजे आबांचा मुलगा, मोबाइलवर कुठल्याशा शेडचा फोटो घेऊन बसला होता. त्याला म्हटलं, हा फोटो राहू दे, माल काय म्हणतो ते बघू.

आठवी कैची बाद का केली ते सांगतो. या कैच्या वेल्डिंगच्या नाहीत, रिवेटच्या आहेत. रिवेट ढिला झालाय का हे बघायची जुनी रीत अशी, की एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने लहान हातोडी मारायची. घट्ट रिवेट खणकन वाजतो आणि बोटाला काही कळत नाही. ढिला बद्द वाजतो आणि बोटाखाली हलतो. आठवीच्या एका टोकाच्या गसेटमधले, म्हणजे सांध्याच्या प्लेटमधले, जवळजवळ सगळे रिवेट हलत होते. बोल्ट मारून चालेल असं आबांचं म्हणणं. पण भोकं लांबट झाली होती. मी ती बाजूला ठेवली. जिनिंगचं छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं होतं, तेही फुकट देत होते. ते घेऊ नका असं मी आधीच सांगून ठेवलेलं. ते फोडताना-कापताना उडणारी ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत गेली की परत निघत नाही.

रुळाचा खांब करताना बहुतेक लोक फसतात ते वेल्डिंगला. रुळाच्या पोलादात कार्बन भरपूर. त्यावर नेहमीच्या रॉडने प्लेट चिकटवली तर टाका दिसायला सुरेख येतो. माझे उस्ताद पोरांना एक खेळ दाखवायचे. रुळाच्या तुकड्यावर अँगल वेल्ड करायला लावायचे, गार होऊ द्यायचे आणि मग एक घण. अँगल टणकन उडून जायचा, टाका जसाच्या तसा अँगलला, आणि रुळाच्या अंगाची खपली त्याच्यासोबत. टाक्याशेजारचं पोलाद झटकन गार होतं आणि काचेगत ठिसूळ बनतं. रूळ आधी तापवून, भट्टीत सुकवलेले लो हायड्रोजन रॉड वापरून हे जमतं, पण शिडीवर बसून, वाऱ्यात, चौदा ठिकाणी? आबांच्या वस्तीवरही मी तो खेळ करून दाखवला, धाकट्यासाठी. मग त्याने वेल्डिंगचा विषय काढला नाही.

त्यापेक्षा रुळाने स्वतःच सोय करून ठेवलेली होती. रुळाच्या टोकाला फिशप्लेटची, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीची, भोकं असतात. तीच वर घ्यायची. रुळाच्या पोटाला, म्हणजे मधल्या उभ्या भागाला, दोन्ही बाजूंनी बारा एमएमच्या प्लेटी, मधे कैचीचा गसेट, आरपार नवे बोल्ट. रूळ उभा करतानाही त्याचं पोट कैचीच्या रेषेत ठेवायचं, कारण रुळाची ताकद त्या दिशेने जास्त. काही रुळांची टोकं गॅसने कापलेली होती, भोकं गेलेली. तिथे मॅग्नेटिक ड्रिल लावली. एकेक भोक पडेपर्यंत चहा होत होता.

खांबांची लांबी वेगवेगळी, कुठला अठरा फूट तर कुठला साडेएकोणीस. ते कापत बसलो नाही. पाण्याची नळी लावून वरची भोकं एका लेव्हलला आणली आणि खाली ज्याला जेवढं उरलं तेवढं जमिनीत गेलं.

काळ्या रानात खड्ड्याचं सोंग करून चालत नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. मुरूम लागेपर्यंत खाली गेलो. प्रत्येक खांबाला तीन बाय तीन बाय तीन फुटांचं काँक्रीट धरलं तेव्हा आबा कळवळले. सिमेंट नवं विकत घ्यायचं होतं ना. "एवढं ओझं खांबाला कशापायी? वर पत्रा तर हाय."

इथे मला माझ्या भाच्याचा उपयोग झाला. तो पुण्यात स्ट्रक्चरचं काम करतो. त्याने फोनवर हिशेब सांगितला आणि मी तो खडूने पत्र्यावर लिहिला. ताशी शंभर किलोमीटरचा वारा चौरस फुटाला साधारण साडेचार किलोचा दाब देतो. चारी बाजूंनी उघड्या शेडमध्ये तो छपराखाली शिरून वर ढकलतो आणि वरून ओढतोही. पत्र्याचं वजन चौरस फुटाला अर्धा किलोसुद्धा नाही. आबांच्या छपराला ढोबळ साडेबारा टनांची ओढ, मधल्या एकेका खांबाला टनाच्या वर. आणि एका खड्ड्यातलं काँक्रीट अठराशे किलो. आबांनी आकडे दोनदा वाचले. "म्हंजी शेड पडू नये म्हणून न्हाई, उडू नये म्हणून बांधायचं." मी म्हटलं, तेच. सिमेंटची गाडी दुसऱ्या दिवशी आली.

म्हशींमुळे एक बदल करावा लागला. पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्याच्या मागे जातात, कुणाची तर त्याहून लांब. खांबाला खाली तिरका टेकू दिला की शिंग त्यात अडकणार, आणि मग म्हैस टेकू काढते नाहीतर टेकू शिंग काढतो. म्हणून खाली काहीच नाही. खांब खोल गाडलेला असला की तो आपल्या बळावर उभा राहतो, ही या पद्धतीची खरी मजा. क्रॉसचे अँगल सगळे वर, कैच्यांच्या रेषेत.

काँक्रीट मुरल्यावर, मे महिन्यात, कैच्या चढवायचा दिवस धरला. हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, सकाळीच आली. पहिली कैची चढवली, चारी बाजूंनी वायररोपचे ताण दिले. दुसरी चढवली, लगेच दोन्हींच्या मधे पर्लिनी आणि वरचा क्रॉस. हा पहिला गाळा घट्ट झाल्याशिवाय मी पुढे जात नाही. एकटी कैची म्हणजे चाळीस फूट लांबीचं, हाताच्या रुंदीचं लोखंड. आडवा धक्का लागला की ती सरळ कूस बदलते. रिवेटची भोकं आणि माझ्या प्लेटी जुळल्या का याची धाकधूक होती, पण तिसरीला बोल्ट नुसता हाताने आत गेला आणि हेल्परने वरून शीळ घातली. जेवायच्या वेळेपर्यंत पाच कैच्या वर होत्या.

जेवून उठलो तर उगवतीकडे काळं झालं होतं. वारा पूर्ण पडलेला. म्हशी उगाच एकमेकींना ढुशा देत होत्या.

धाकटा म्हणाला, "मिस्त्री, चार गाळे उभे हायत. निदान कडब्याच्या बाजूला पत्रं टाकू. हजार पेंड्या उघड्यावर हायत." त्याचं चुकत नव्हतं. भिजलेला कडबा काळा पडतो आणि जनावर तोंड लावत नाही. पत्रे चढवायला माणसं होती, हायड्रा होती, तासभर मिळण्यासारखा होता. पण तासाभरात पत्रे फक्त ठेवता आले असते, हुक सगळे बसले नसते. अर्ध्या हुकांचा पत्रा वाऱ्यात कोयत्यासारखा जातो. मी नाही म्हटलं. तो चिडला. "तुमचं काय जातंय? कडबा आमचा हाय." मी आबांकडे बघितलं. आबा पत्र्यावरच्या त्या खडूच्या आकड्यांकडे बघत होते. "ताडपत्र्या काढ," ते पोराला म्हणाले. "आन् ट्रॅक्टरची ट्रॉली आन, वर रूळ टाकू."

हायड्रावाल्याला सहावी कैची उचलून मोकळं व्हायचं होतं, त्याला संध्याकाळी दुसरं काम होतं. मी पट्टा काढायला लावला. वाऱ्यात बूमला लटकलेली कैची कुणाच्या बापाची ऐकत नाही. बूम खाली घेऊन त्याने गाडी चिंचेपासून लांब लावली, तेवढं मात्र न सांगता केलं. सहावी-सातवी जमिनीवरच राहिली. पोरं वर चढून पर्लिनींचे बोल्ट आवळत गेली, मी पाचव्या कैचीला दोन ताण वाढवले. पत्र्यांच्या थप्पीवर उरलेले रूळ आडवे टाकले. शेवटचा हेल्पर खाली उतरला तेव्हा धुळीची भिंत शेजारच्या उसावर आली होती.

आम्ही सगळे घराच्या पडवीत. वळीव आमच्याकडे दरवर्षी येतो, पण या वेळी समोरची चिंच दिसेना झाली. गारा थोड्या, वारा फार. वारा कैच्यांतून शिट्टी वाजवत जात होता. त्याला धरायला वर काही नव्हतंच. मधेच एक मोठा कडकडाट झाला, वीज नव्हे, लोखंडाचा. धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, कारण मलाही कळलं नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर बघितलं. शेजारच्या शेतातल्या नव्या शेडचा एक पत्रा उडून आमच्या तिसऱ्या खांबावर आदळला होता आणि रुळाभोवती दुमडून बसला होता. खांबाला ओळंबा लावला. जागचा हलला नव्हता. मग सगळ्याच खांबांना लावला. पाचव्या कैचीच्या एका ताणाची मेख ओल्या मातीतून उपटून आली होती, बाकी ठीक. कडब्याच्या वरच्या दोन थरांना पाणी लागलं होतं. धाकटा ते थर पसरत होता, माझ्याशी अजून बोलत नव्हता.

आबा शेजाऱ्याकडे निघाले तसा मीही गेलो. त्याचं शेड आडवं होतं. चांगला नवा पाईप, नवा पत्रा, रंग सुद्धा ताजा. कुणी बांधलं ते विचारलं नाही. एक खांब उलटा पडलेला, आणि त्याच्या बुडाला काँक्रीटचा दीड फुटी ठोकळा, रताळं उपटावं तसा अख्खा वर आलेला. दोन-सव्वादोनशे किलोचा असेल. वेल्डिंग कुठेही तुटलं नव्हतं, पत्र्याचे हुकही बऱ्यापैकी टिकले होते. जनावरं दुपारची बाहेर चरायला होती म्हणून वाचली. त्या माणसाशी काय बोलावं सुचेना. आबांनी त्याच्या गाई आपल्या चिंचेखाली बांधायला सांगितल्या आणि पोराला हाक मारून वैरण टाकायला लावली.

दुसऱ्या दिवशी हायड्रावाल्याने पूर्ण दिवसाचं भाडं लावलं, थोडी बाचाबाची झाली, आबांनी दिलं. सहावी आणि सातवी चढली. पत्रे टाकताना जुनी भोकं पर्लिनीवर येईनात, तेव्हा पत्रा सरकवून नवी भोकं पाडली, नळीच्या माथ्यावर, आणि जुनी डांबरी वॉशर लावून बुजवली. जे-हुक आणि वॉशर सगळे नवे. कडेच्या वळचणीला हुक दुप्पट, कारण वारा पहिला तिथेच नख घालतो. ते बसवायला धाकटा स्वतः वर चढला होता.

आठवी कैची अजून बांधावर आहे. आबांना तिची वस्तीच्या तोंडाला कमान करायची आहे. मी म्हणतो भंगारात घाला. यावर आमचं अजून ठरलेलं नाही.