खर्जातला गंधार

परवा भाची म्हणाली, "मावशी, तू ऐकतेस त्या गाण्यातलं मला काहीच कळत नाही. राग ओळखायला कुठून सुरुवात करू?" मी म्हटलं, राग राहू दे. आधी एक तार ऐक. तिचं काही समाधान झालेलं दिसलं नाही, म्हणून हे तिच्यासाठी सविस्तर लिहिते आहे. मी स्वतः सेहेचाळिसाव्या वर्षी अशीच एका तारेपासून ऐकायला शिकले.

सांगलीच्या आमच्या घरात सासूबाईंचा तानपुरा वीसेक वर्षं गवसणीत उभा होता. भोपळा शाबूत होता, पण घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारांचे चर पडले होते आणि आवाज कोंदट झाला होता. आम्ही दोघी तो मिरजेला सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. तिथल्या शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा शस्त्रांचा. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

तिथल्या चाचांनी घोडीवर कानस फिरवली, तार चढवून छेडली, मान हलवली, तार उतरवली, पुन्हा घासलं. दुपार गेली त्यात. शेवटी त्यांनी तारेखाली सुती दोरा घातला आणि तो केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवू लागले. एका जागी तार एकदम उजळली. "ताई, आता बोलली बघा," ते म्हणाले. स्वर मघाचाच होता, बोटाचा जोरही तेवढाच, तरी आवाज निराळा. जवारी लागली म्हणतात ती हीच.

संगीताच्या परीक्षांना बसणारी मुलं नादाची तीन लक्षणं पाठ करतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती, म्हणजे आवाजाचा रंग. पाठ होतात, पण कानाला वेगवेगळी ऐकू येत नाहीत, कारण आपल्या बोलण्यातच त्यांची सरमिसळ आहे. "वरच्या पट्टीत बोलू नकोस" असं आपण ओरडणाऱ्याला म्हणतो. चढा आवाज म्हणजे मोठा की उंच? भांडणात दोन्ही एकदम होतं, म्हणून भाषेनंही एकच शब्द ठेवला. गाणं ऐकताना मात्र ते सोडवून घ्यावं लागतं. तानपुऱ्याची तार हळू छेडा, मग जोरात छेडा. लहानमोठेपणा बदलला, स्वर जागेवरच राहिला. आता खुंटी किंचित पिळा आणि पहिल्याइतक्याच हळू छेडा. या वेळी स्वर हलला. एवढं दोनचारदा केलं की कान फरक धरतो.

उच्चनीचतेमागे आकडा असतो: तार सेकंदाला किती वेळा थरथरते तो. पुस्तकांत षड्जाची, म्हणजे सा या स्वराची, २४० आंदोलनं धरतात. हा बायकांच्या काळी पाचच्या, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या, जरासा वरचा सा. पंचम ३६०, तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, बरोबर दुप्पट, ४८०. पुरुष गायक साधारण काळी एकच्या आसपास गातात, म्हणजे त्यांचा सा बराच खाली. तरी राग तोच राहतो, कारण आकड्यांपेक्षा त्यांचं एकमेकांशी प्रमाण महत्त्वाचं.

हे कानानं तपासायचं तर जोडाच्या, म्हणजे तानपुऱ्याच्या मधल्या, दोन तारा घ्या. त्या एकाच स्वरात असायला हव्यात. एक २४० आणि दुसरी २४२ असेल, तर आवाज सेकंदातून दोनदा फुगतो आणि ओसरतो. तारेत ओवलेला मणी सरकवत गेलं की या लाटा लांबत जातात, आणि एका क्षणी थांबतात. दोन तारांची एक तार होते. मला ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बराच वेळ नुसती छेडत बसले होते.

पण खरी गंमत जातीत आहे. तोच सा पेटीवर, बासरीवर आणि तानपुऱ्यावर ऐका. डोळे मिटूनही वाद्य ओळखता येतं. कारण कुठलीही तार एकच स्वर काढत नाही. १२० आंदोलनांच्या खर्जाबरोबर, म्हणजे सगळ्यांत खालच्या सा च्या तारेबरोबर, २४०, ३६०, ४८०, ६०० असे उपस्वर उमटत जातात, आणि कोणता किती ठळक यावर आवाजाचा रंग ठरतो. बासरीत ते थोडे, पेटीच्या पत्तीत पुष्कळ. स्वर सुरू कसा होतो यालाही तितकंच महत्त्व. सतारीचं ध्वनिमुद्रण घेऊन मी प्रत्येक स्वराची छेड कापून टाकली, उरलेली आस, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज, घरच्यांना ऐकवली, तर कुणालाच सतार ओळखता आली नाही.

तार बरोबर मधोमध छेडली, तर सम क्रमांकाचे उपस्वर (मूळ स्वर पहिला धरून) उमटायला नकोत असं शास्त्र सांगतं. तानपुऱ्यात ते तरीही येतात. घोडीच्या रुंद, किंचित बाकदार पाठीला तार घासत राहते म्हणून हे होतं, असं सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं. तबल्याच्या तोंडावरच्या काळ्या लेपावर, म्हणजे शाईवरही, त्यांनी काम केलं. साध्या चामड्याचे उपस्वर विस्कळीत असतात. शाईच्या वजनानं ते सुरात बसतात. म्हणून तबला सुरात लावता येतो आणि गणपतीतला ढोल लावता येत नाही.

आता वरचे आकडे पुन्हा बघा. सा २४०, तर शुद्ध गंधार ३०० आणि तार सप्तकातला गंधार ६००. खर्जाचा पाचवा उपस्वर तोच! चार तारांत गंधाराची तार नाही, तरी गंधार वाजतो. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सासूबाई म्हणाल्या होत्या, "डोळे मीट. नुसता खर्ज छेड आणि आस संपेपर्यंत दुसरं काही करू नकोस." पहिले पंधरा दिवस मला काहीच ऐकू आलं नाही. मग एका पहाटे, पंखा बंद असताना, छेडल्यावर दोनेक क्षणांनी वर कुठेतरी तो बारीक, गोड स्वर आला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनाही ऐकू आला होता.

भाचीसाठी एक सूचना. मोबाईलवरचा तानपुरा चालेल, पण त्याच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज नीट उतरत नाही, तेव्हा चांगले हेडफोन लाव. रविवारी आलीस तर खराच ऐकवते. सकाळी सातच्या आत ये. त्यानंतर रस्त्यावरच्या गाड्या सुरू होतात.