गोंयच्या सायबाकडे पायी जाताना विचारांचं काय करायचं

सेंट फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे गोंयच्या सायबाचं, फेस्त (सण) 3 डिसेंबरला असतं. त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवसांची नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. आम्ही सावंतवाडीहून 30 तारखेला पहाटे साडेचारला निघतो आणि बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत 2 तारखेच्या संध्याकाळी जुन्या गोव्यात पोचतो. रोजचं चालणं 20 किलोमीटरच्या आसपास. पायांची तयारी सगळेच करतात, डोक्याची क्वचितच कोणी करतो. आणि पहिल्या दोन तासांत कुरकुर सुरू होते ती डोक्याचीच.

गप्पा संपल्या की घरची भांडणं, कर्जाचे हप्ते, कधीचा तरी अपमान, सगळे रांगेनं हजर. त्यांना हाकलत बसू नका. इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी अब्बा पोइमेन यांच्याकडे एक जण हीच तक्रार घेऊन गेला. त्यांनी त्याला बाहेर नेलं आणि छाती फुगवून वारा धरून ठेवायला सांगितलं. ते कसं जमणार? मग विचारांचं येणंही तुला थांबवता येणार नाही, ते म्हणाले. त्यांना सामोरं जाणं तेवढं तुझ्याकडे.

सामोरं जायचं म्हणजे आधी विचाराला एका शब्दाचं नाव द्यायचं. त्याच वाळवंटातल्या, 399 साली वारलेल्या एवाग्रिअस या तपस्व्यानं अशी आठ नावं ठरवून दिली आहेत: खादाडपणा, वासना, हाव, खिन्नता, राग, कंटाळा, मोठेपणाची हौस, गर्व. नाव दिलं की एकच उत्तर, तेही चार पावलांत बसेल एवढं. ‘प्रभू येशू ख्रिस्ता’ दोन पावलांत, ‘मज पाप्यावर दया कर’ पुढच्या दोन पावलांत. विठ्ठलनामावर पाऊल टाकणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. श्वासाशी मात्र प्रार्थना बांधू नका. पर्वरीच्या चढावर दम लागतो आणि सगळी लय तुटते. आणि विचाराशी वाद घालायचा नाही. दुसरं उत्तर दिलंत की तो तिसरा प्रश्न काढतोच.

बाकीचा वेळ जपमाळ. पाच दशकांची (दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) एक माळ म्हणायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे आमच्या चालीनं साधारण सव्वा किलोमीटर. माळ खिशात ठेवून बोटांवर मोजलं तर गणती हमखास चुकते; मणी हातातच हवेत. मधेच लक्ष उडालं तर जिथं कळलं त्या मण्यापासून पुढे जायचं, पहिल्यापासून नाही. ‘नीट झाली नाही, पुन्हा म्हणू’ हा भक्तीचा सदरा घातलेला विचार सगळ्यात चिवट. झेवियरचे सोबती इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला याच फेऱ्यात अडकले होते. तीच ती पापं पुन्हा पुन्हा कबूल करत राहिले. तो नाद सोडला तेव्हा सुटले. आपली झोपच उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर धर्मगुरूंशी बोलाच, पण डॉक्टरकडेही जा. त्यानं विश्वास उणा ठरत नाही.

दुपारी बारा ते तीन हा कंटाळ्याचा अंमल. सूर्य जागचा हलत नाही असं वाटायला लावणारा, असं एवाग्रिअसनं त्याचं वर्णन केलंय. महामार्गाच्या तापल्या काँक्रीटवर ते तंतोतंत पटतं. नेमकी तेव्हाच मागून बस येते. इथं इग्नेशियसचा नियम कामाचा: मन उदास असताना आधीचा ठराव बदलायचा नाही. सावलीत बसा, मीठ-साखरेचं पाणी प्या, मोजे बदला, मग ठरवा. पायाला फोड आला असेल तर मात्र बस घ्यावी. तो मनाचा प्रश्न नव्हे.

रात्री दहा मिनिटं दिवस उलटा आठवायचा. एकच खोड निवडायची आणि ती दिवसात किती वेळा उफाळली तेवढे ठिपके वहीत मांडायचे. ठिपके वाढले म्हणून घाबरू नका, पहिले दोन दिवस ते वाढतातच, कारण तोवर आपलं तिकडे लक्षच नव्हतं.

शेवटचा टप्पा रिबंदरच्या बांधाचा, 1633–34 मधला, तीनेक किलोमीटर सपाट. बाकीचे विचार इथवर थकलेले असतात आणि म्हणूनच मोठेपणाची हौस इथं गाठते: किती चाललो मी, फोटो टाकायला हवा. नाव द्यायचं, चार पावलांचं उत्तर द्यायचं, आणि सायबाचं शव जिथं आहे त्या बॉम जेझुसच्या बासिलिकेपाशी (चर्चपाशी) पोचल्यावर रांगेत गाडीनं आलेल्यांच्या मागं उभं राहायचं.