दुखणं बेंबीजवळून उजवीकडे सरकलं आणि अपेंडिक्स निघालं

रात्री जेवण जाईना, बेंबीभोवती मुरडा आल्यासारखं होत होतं, मला वाटलं गॅस झालाय, गोळी घेतली नि झोपले. पहाटे उलटी झाली आणि दुखणं खाली उजव्या बाजूला सरकून एकाच जागी ठाण मांडून बसलं. आई म्हणाली जुलाबाचं औषध घे, पोट साफ होईल. नाही घेतलं ते फार बरं झालं, कारण अपेंडिक्सला सूज असताना ते घेतलं तर फुटायची भीती असते.

हॉस्पिटलला जाताना गाडीचा प्रत्येक धक्का पोटात कळत होता. डॉक्टरांनी तिथे हळूहळू दाबलं आणि पटकन हात काढला, दाबताना दुखलं त्याहून जास्त सोडताना दुखलं, मी ओरडलेच. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि सोनोग्राफीत अपेंडिक्स ९ मिमी जाड, ६ च्या वर गेलं की सूज धरतात म्हणे.

मी विचारलं, गोळ्या-इंजेक्शनवर नाही का भागणार? काहींचं अँटिबायोटिकवर भागतं, पण माझ्या अपेंडिक्सच्या तोंडाशी खडा अडकलेला दिसत होता, अशा वेळी औषधाचा भरवसा कमी. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला ही बोटभर नळी लटकते, एका टोकाला बंदच असते, दुसरं टोक बुजलं की आत जंतू वाढतात, ती फुगते आणि फुटली तर पू पोटात पसरतो. आणि फुटल्यावर थोडा वेळ दुखायचं कमी होतं, माणसाला वाटतं बरं वाटतंय! हे ऐकून मी लगेच सही केली. पहाटे दुखणं थांबलं असतं तर मी पुन्हा झोपून गेले असते हो.

पूर्ण भूल दिली, दुर्बिणीतून ऑपरेशन, ३ छोटी भोकं. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता, मी घाबरले. सिस्टर म्हणाल्या, "ताई, ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात ना, त्याने होतं, दोन-तीन दिवसांत जाईल." खरंच गेलं. खोकला आला की पोटावर उशी घट्ट धरायची हेही त्यांनीच शिकवलं, त्याने टाक्यांवर ताण येत नाही. संध्याकाळी धरून धरून चालवलं, दुसऱ्या दिवशी वारा सरला आणि मग पातळ खायला दिलं.

टाके दाखवायला गेले तेव्हा तपासणीला पाठवलेल्या अपेंडिक्सचा रिपोर्ट आला होता. सूज भरपूर होती, पण फुटलं नव्हतं.